चिमटा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये पाऊस होता, मग गणपती, मग घराची कौलं, मग नुसताच आळस. नेहमीची कारणं. पण आजचं लिखाण लांबत गेलं त्याला कारण वेगळं आहे. ते पुढे येईलच.

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. गेलं वर्षभर आमचा रविवार सड्यावर जातो. आम्ही म्हणजे मी, माझा नववीतला भाचा, त्याचे चार मित्र आणि एक निवृत्त बँकवाले गृहस्थ. या गृहस्थांना विमान उडवायचं नसतं, फक्त बघायचं असतं, आणि चहाचा थर्मास त्यांचा असतो. रिमोटवर उडणारी छोटी विमानं आम्ही बनवतो आणि उडवतो. क्लब म्हणायचा तर म्हणा. नाव नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. एक जुनी सतरंजी, पाण्याचा कॅन आणि एका पिशवीत फेव्हिकॉल, सेलोटेप, कटर, रबरबँड. संपली मालमत्ता.

मुलांना हे वेड लागलं ते ४ डिसेंबर २०२३ ला. त्या वर्षी नौदल दिन आमच्या मालवणात झाला. पंतप्रधान आले, समुद्रात युद्धनौका उभ्या राहिल्या आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावरून लोकांनी मिग-२९ के विमानं डोक्यावरून जाताना पाहिली. आवाज आधी छातीत शिरतो आणि मग कानात, असं भाच्याने घरी येऊन सांगितलं. तेव्हा तो सातवीत होता. दुसऱ्या दिवसापासून वह्यांच्या मागच्या पानांवर विमानं. आई (म्हणजे माझी बहीण) वैतागली आणि म्हणाली, "तुझ्या मामाक विचार, तेका येता ता सगळा."

येता म्हणजे काय, येत होतं. पुण्यात नोकरीला असताना सात-आठ वर्षं मी एका एरोमॉडेलिंग क्लबात जायचो. नंतर सुटलं. माळ्यावरची पेटी काढली तर आत रिमोट, दोन सर्व्हो, गंजलेली अवजारं आणि एक कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, त्यावर लाल रंगात १७ लिहिलेलं. भाच्याने विचारलं, "मामा, ह्यो चिमटो कित्याक?" मी म्हटलं, "सांगेन कधीतरी."

आधी सड्याबद्दल. कोकणात न आलेल्यांना वाटतं की इथे फक्त माड आणि वाळू. पण मागे चढून गेलात की जांभ्या दगडाची सपाटी लागते, मैलच्या मैल. तोच सडा. पावसाळ्यात तिथे इवल्या इवल्या फुलांचे गालिचे असतात, तेव्हा आम्ही फिरकत नाही. तसंही जून ते सप्टेंबर या पावसात विमान उडवायचं म्हणजे कागदाची होडीच सोडायची. मग नोव्हेंबरपर्यंत गवत सुकतं आणि सकाळी सात ते नऊ हवा अशी स्थिर असते की विमान ठेवलं तिथे राहील. दुपार कलली की खारे वारे जोर धरतात. समुद्रावरून आलेला वारा सड्याच्या कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर ब्राह्मणी घारी पंख न हलवता तरंगत असतात. हलकं ग्लायडर असेल तर तुम्हालाही तेच करता येतं, मोटर बंद ठेवून. पहिल्यांदा आमचं ग्लायडर असं सहा-सात मिनिटं लटकलं तेव्हा बँकवाले काका चहा ओतायचे थांबले. याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही.

एक मात्र पाळतो. मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांत कुडोपी आहे. तिकडे विमान घेऊन जायचं नाही. आपण बॅटऱ्या आणि बूट घेऊन तिथे नाचायचं नाही, एवढंच.

विमानं कसली म्हणाल तर सनबोर्डची. दुकानाच्या पाट्या करतात तो पांढरा फोम. त्याला कटरने कापायचं, हॉट ग्लूने चिकटवायचं. (फेव्हिक्विक थर्मोकोलला लावू नका. थर्मोकोल वितळतो. आम्ही एक अख्खं शेपूट असं गमावलंय.) पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर खालून दोन बोटं लावून उचललं की विमान तोललं पाहिजे. शेपटीकडे जड असेल तर नाक वर करतं, थांबतं आणि कोसळतं. मुलांना हे तीन विमानं मोडल्यावर पटलं. आणखी एक गोष्ट शिकायला सगळ्यांनाच जड जाते. विमान आपल्यापासून दूर जातं तेव्हा डावं ते डावं असतं, पण आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं. हाताला हे कळेपर्यंत किमान एक पंख मोडतोच. यावर पुण्याच्या काकांनी शिकवलेली युक्ती मी मुलांना दिली. विमान समोरून येत असताना जो पंख खाली गेलेला दिसतो त्या बाजूला दांडी दाबायची, पंखाला टेकू दिल्यासारखी. विचार करायचा नाही.

आता या काकांबद्दल लिहायला हवं.

पुण्यात या छंदाला बऱ्यापैकी मान होता. सदानंद काळे यांच्यासारख्यांनी प्रात्यक्षिकं करून कितीतरी मुलांना विमानांची गोडी लावली. आमचे काका मात्र प्रात्यक्षिकवाले नव्हेत. एका कारखान्यातून निवृत्त झालेले, गर्दीत न बोलणारे गृहस्थ. कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. १९५० साली मुंबई आणि कलकत्ता इथल्या एकेका स्क्वाड्रनने सुरू झालेली ही शाखा, आणि एरोमॉडेलिंग हा तिच्या शिक्षणाचाच भाग. तिथे काका तारेवरची विमानं उडवायला शिकले. म्हणजे रेडिओ नाही, विमानाला दोन बारीक तारा, त्यांची टोकं उडवणाऱ्याच्या हातात, आणि विमान आपल्याभोवती गोल गोल. इंजिन छोटं डिझेल. त्याचं इंधन घरीच करायचं, ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारखे भाग. काका सांगायचे की रविवारी घरी आल्यावर आई आधी अंघोळीला पिटाळायची, एरंडेलाचा वास शर्टाला आठवडाभर राहायचा.

आमच्या काळात रेडिओ आला होता. क्लबातले बरेच रिमोट ७२ मेगाहर्ट्झचे. त्या पट्ट्यात पन्नास चॅनेल, प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा. माझा १७, काकांचाही १७. आता गंमत (गंमत कसली) अशी, की त्या रिमोटांना आपलं विमान आणि दुसऱ्याचं विमान यातला फरक कळत नसे. एका चॅनेलवर दोन रिमोट चालू झाले की हवेतल्या विमानाला दोन मालक. त्याला कुणाचंच ऐकू येत नाही. ते पडतं.

म्हणून प्रत्येक क्लबात एक बोर्ड असे. आमचा प्लायवूडचा, काकांनीच केलेला. त्यावर चॅनेलचे आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक चिमटा. ज्याला रिमोट चालू करायचा त्याने आपल्या आकड्याचा चिमटा काढून शर्टाला लावायचा. चिमटा बोर्डावर नसेल तर तो कुणाच्या तरी शर्टाला आहे, म्हणजे कुणाचं तरी विमान वर आहे. तोवर बटणाला हात लावायचा नाही. क्लबाचे बाकीचे नियम लोक मोडायचे, वर्गणी थकवायचे, उशिरा यायचे. चिमट्याचा नियम कुणी मोडत नसे. खरं सांगायचं तर क्लब का असतो, एकेकट्याने विमान का उडवत नाहीत, याचं उत्तर तो बोर्ड होता.

जानेवारी २००३. काकांनी पाच महिने खपून एक पिवळं पायपर कब बांधलं होतं. सहा फुटांहून थोडे जास्तच पंख. बाल्सा, म्हणजे ते इक्वेडोरकडून येणारं कापसासारखं हलकं लाकूड, त्याच्या बरगड्या एकेक पातीने कापलेल्या. वरून इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिकचं पातळ आवरण. आतल्या वायरिंगचे सगळे जोड स्वतः सोल्डर केलेले. त्या रविवारी त्याचं तिसरं की चौथं उड्डाण होतं. सगळे मान वर करून बघत होते.

मी पार्किंगमध्ये होतो, स्कूटरजवळ. माझं विमान डिकीवर ठेवलेलं. आदल्या रात्री एक सर्व्हो करकरत होता, तो बघायचा होता. दहा सेकंदांचं काम. बोर्ड शंभर पावलांवर. मला वाटलं, काका अजून मैदानाच्या कडेला इंजिनशी खटपट करतायत. मी बघितलं नाही. रिमोट चालू केला, सर्व्हो हलवून पाहिला, ठीक वाटला, बंद केला.

मैदानावरून "अरे अरे अरे" असा आवाज आला. मी बाहेर येऊन पाहिलं तोवर पिवळं विमान एका पंखावर कलंडून गोल गोल खाली येत होतं. मग शेजारच्या ज्वारीत गेलं. त्याचा आवाज फार झाला नाही. उसाचं कांडं मोडावं तेवढाच.

मला त्याच क्षणी कळलं होतं. इथे लिहिताना सोयीस्कर धूसर करून लिहिता येईल, पण नाही. मला कळलं होतं.

सगळ्यांबरोबर मीही ज्वारीत धावलो. तुकडे गोळा केले. एक पंख मीच गाडीपर्यंत उचलून नेला. काका गुडघ्यावर बसून विमानाच्या पोटातली बॅटरी बघत होते. वायर तुटलेली. "जोड सुटला असणार," ते म्हणाले. "माझाच जोड." कुणीतरी म्हणालं, "होतं असं काका." मी काहीच म्हटलं नाही. आधी वाटलं घरी गेल्यावर फोन करू. मग वाटलं पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बोर्ड टांगला. त्याच्या पुढच्या रविवारीही. लोक म्हणायचे, हा पोरगा फार शिस्तीचा. पुढची काही वर्षं तो बोर्ड मीच टांगला.

मग २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले. यात रिमोट आणि विमान यांची एकदा ओळख करून दिली की विमान फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतं, शेजारी दहा रिमोट चालू असले तरी. क्रिस्टल गेले, आकडे गेले, बोर्ड कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गेला. मी माझा चिमटा खिशात घालून घरी आणला. का आणला ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

तर हे झालं पुण्याचं. आता परत मालवणला येतो, कारण हे सगळं उकरून निघालं ते इथे.

तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, ९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्याकडे चिपीचा विमानतळ सुरू झाला. परुळ्याजवळच्या सड्यावर, अडीच किलोमीटरची धावपट्टी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले, आणि रिमोटवरची मॉडेल विमानंही त्यांतच बसतात. थोडक्यात असं, की नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मात्र जमिनीपासूनच परवानगी. ८ ते १२ च्या मध्ये २०० फुटांपर्यंत चालतं. तारकर्ली-देवबाग म्हणजे मध्ये कर्ली नदी, पलीकडे चिपी. हवेतून मोजलं तर आठच्या आत. म्हणून आम्ही एवढी पायपीट करून आचऱ्याच्या पलीकडे, देवगडच्या दिशेला जातो.

मुलांना हे पटत नाही. सड्यावर बघायला कोण, गुरं आणि बँकवाले काका. देवबागला पर्यटक, बोटी, मोबाइल काढणारे लोक. भाचा दोनदा म्हणाला, "मामा, थय एकदा उडवया. कोणाक कळतला?" मी नाही म्हटलं आणि विषय संपला असं मला वाटलं.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मासळी बाजारात रापणीवाले आबा भेटले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांना वीस-पंचवीस माणसं वाळूत पाय रोवून दोर ओढतात. आबा त्यातले जुने. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या भाच्याचा इमान काल माझ्या डोक्यावरसून गेला. आमच्या हातात दोर. पळतलंव खय? सांग तेका."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र. आमच्या विमानाचं वजन सहाशे ग्रॅम, पण पुढचा पंखा मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतो. बोटाला लागला तर टाके. डोळ्याला लागला तर विचारच नको. आणि दोर धरलेला माणूस डोक्यावर हातही धरू शकत नाही.

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "माझा नाय ता. दुसऱ्या कोणाचा तरी असतला."

खोटं होतं. विमानाच्या चाकांत वाळू होती, आणि सड्यावर वाळू नाही. पण मी ओरडणार तेवढ्यात त्याचं तोंड बघितलं आणि थांबलो. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. काही झालं नाही ना, कुणाला लागलं नाही ना, मग आता गप्प राहिलं की झालं. आधी बोलायला हवं होतं, आता उशीर झाला. हे सगळं त्या एका चेहऱ्यावर.

मी पेटीतून चिमटा काढला आणि त्याला ज्वारीतल्या पिवळ्या विमानाची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. बायकोलाही माहीत नव्हती (आता हे वाचून कळेल, क्षमस्व).

मला वाटलं होतं तो ऐकेल, मान खाली घालेल, कबूल करेल. त्याने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मग तू त्यांका सांगलंस?"

"नाय."

"अजून नाय?"

"नाय."

थोडा वेळ तो चिमटा उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, "तू फोन कर. मग मी आबांकडे जातंय."

चौदा वर्षांच्या पोराने घातलेली अट. मोडून काढता आली असती. मामा आहे मी. पण काय म्हणून मोडणार?

जुन्या डायरीतला लँडलाइन बंद होता. क्लबातल्या एका मित्राकडून काकांचा मोबाइल नंबर मिळवला. काका आता ऐंशीच्या पुढे. त्यांना मी आठवायला थोडा वेळ लागला, मग, "अरे, मालवणवाला! तू बोर्ड लावायचास तो!" म्हणाले. नेमकं तेच. मी म्हटलं, काका, एक सांगायचंय, पिवळ्या कबबद्दल. आणि सांगून टाकलं. पाठ केलेलं सगळं विसरलो, दोन-तीन वाक्यांत संपलं.

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

मग ते म्हणाले, "म्हणजे माझा जोड सुटला नव्हता?"

मी म्हटलं, "नाही काका."

"मला वाटलं माझ्या हाताला कंप सुटला." पुन्हा थोडं थांबून, "त्यानंतर मी मोठं विमान बांधलंच नाही रे. मुलांची विमानं जोडून द्यायचो ना मी, तेही बंद केलं. म्हटलं आपल्यामुळे कुणाचं पडायला नको."

मंडळी, या बावीस वर्षांत मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला होता. प्रत्येक वेळी हिशेब एकच, एक विमान, पाच महिन्यांची मेहनत, अमुक रुपये. एवढं माझ्या नावावर मांडून मी वाईट वाटून घ्यायचो आणि कुठेतरी ते फिटत चाललंय असंही वाटायचं. इतकी वर्षं बोर्ड टांगला, नाही का! विमान तर दहा सेकंदांत पडलं. पण त्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास मी त्यानंतर दर रविवारी गप्प राहून घालवत होतो, हे मला कधी सुचलंच नाही. "माझाच जोड" हे त्यांचं वाक्य मी माझी सुटका म्हणून ऐकलं होतं. त्यांनी ते खरं मानून घेतलं होतं.

मी विचारलं, "काका, राग आला?"

"हो, आलाय," ते म्हणाले. "आत्ता ठेव. करीन मी फोन."

चार दिवस फोन आला नाही. ते चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. दरम्यान भाचा आपल्या शब्दाला जागला. संध्याकाळी एकटाच देवबागला गेला. मी जाऊ का विचारलं तर "नको" म्हणाला. आबांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. परत आला तो हाताला दोराचे वळ घेऊन. आबांनी काही न बोलता त्याला रापणीच्या दोराला लावलं होतं. जाळं वर येईपर्यंत. वर वाट्याचे बांगडेही दिले. बहिणीने तिखलं केलं. जेवताना तो म्हणाला, "मामा, दोर धरल्यावर वर बघूकच गावणा नाय." एवढं बोलून पुन्हा जेवायला लागला.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. आवाज वेगळा, घाईतला. "पेटी काढली माळ्यावरून. मुलाने काढून दिली. कबचं पोट ठेवलंय मी अजून. भिंग लावून बघितलं. वायर जोडापुढे बोटभर अंतरावर तुटलीये, आपटल्यामुळे. जोड शाबूत आहे. ओढून बघितला, हलत नाही."

मी काही बोललो नाही. मग तेच म्हणाले, "तेव्हा भिंग लावून बघितलंच नव्हतं मी. हिंमत झाली नाही." आणि मग, "उशीर केलास. पण बरं केलंस."

मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढची दहा मिनिटं आम्ही लिथियम बॅटऱ्यांवर बोललो. इथल्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात म्हटल्यावर त्यांनी उपाय सांगितला, मुलांना सोल्डरिंग कसं शिकवायचं तेही सांगितलं. जोड तापवायचा, कथील नाही. जोड तापला की कथील आपोआप ओढलं जातं. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

गेल्या रविवारी आम्ही सड्यावर होतो. आमच्या रिमोटांना आता बोर्डाची गरज नाही, पाच विमानं एका वेळी वर गेली तरी एकमेकांचं काही बिघडत नाही. तरी भाच्याने एक नवीन पद्धत काढलीये. १७ नंबरचा तो चिमटा एकाच्या शर्टाला लावायचा. ज्याच्या शर्टाला चिमटा तो त्या वेळी विमान उडवत नाही. त्याने फक्त खाली बघायचं. कोण माणूस येतोय, कुठे गुरं आहेत, पायवाटेवर कुणी आहे का. तो "थांब" म्हणाला की उडवणाऱ्याने कारण न विचारता विमान उतरवायचं. पहिल्या दिवशी चिमटा त्याने स्वतःलाच लावून घेतला. बँकवाले काका म्हणाले की हे काम माझ्याजोगं आहे, पुढच्या वेळी मला द्या.

असो. पुढच्या महिन्यात काकांचा मुलगा त्यांना घेऊन गोव्याला जाणार आहे, वाटेत मालवणला एक रात्र थांबतील म्हणालेत. ऐंशीच्या पुढचा माणूस, प्रवास झेपला तर. मुलांनी आत्तापासून एक पिवळं विमान कापायला घेतलंय. सनबोर्डचंच, तीन फुटी. वायरिंग सोडून बाकी सगळं करून ठेवायचं असं ठरलंय.